जिन्याखालचा डावा हात

...नाही, त्या नवरीला जिन्यावरून पडताना मी पाहिलेलं नाही. हे आधीच स्पष्ट करते, कारण गेला महिनाभर औषधांच्या दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर, दातांच्या डॉक्टरकडे तोंड उघडून पडलेली असताना सुद्धा लोक मला विचारतायत, "रोझलिंड, ती नवरी नेमकी कुठल्या पायरीवरून पडली गं?" मी पाहिलं नाही याची दोन कारणं आहेत. पहिलं, ती म्हणे १८९६ साली पडली, आणि माझा जन्म १९५७ चा. दुसरं, ती पडलेलीच नाही. नवरीच नव्हती तर पडेल कोण? माझं घर बांधलं ऑगस्टस पोलमन नावाच्या गृहस्थाने, १८९४ मध्ये. घोड्यांच्या साजाचा घाऊक व्यापारी. त्याला तीन मुलगे, मुलगी एकही नाही, आणि तिन्ही मुलगे लग्नं करून आपापल्या सासुरवाडीच्या गावी जाऊन राहिले, हे मी जनगणनेच्या कागदावरून सांगते, मनाने नाही. कार्डावरही मी तेच लिहिलं होतं. नवरी कार्डावर नव्हती.

आता कार्ड म्हणजे काय, तर तुम्हाला आमची टेकडी माहीत आहे, सायकॅमोर हिल. दर डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी तिथली नऊ जुनी घरं लोकांसाठी उघडतात. नाताळची सजावट, दारावर हिरव्या पानांची चक्रं, कठड्यांना फिती, आणि लोक बुटांवर निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या चढवून या घरातून त्या घरात फिरतात, दुसऱ्याचं झाड बघतात, दुसऱ्याचं स्वयंपाकघर बघतात, मग स्वतःच्या नवऱ्याकडे बघतात आणि काही न बोलता बाहेर पडतात. प्रत्येक घरात वस्तीतली एक बाई उभी असते, हातात कार्ड, कार्डावर घराचा इतिहास. तो तिने वाचून दाखवायचा. घरमालकाने त्या दिवशी घरात थांबायचं नाही, हा कडक नियम, कारण एका वर्षी एका घरमालकाने आपल्या नव्या नळांबद्दल प्रत्येकाला एवढं सांगितलं, एवढं सांगितलं, की रांग पार नदीकडच्या उतारापर्यंत गेली होती.

यंदा माझं घर पहिल्यांदाच फेरीत आलं. सात नंबर. कार्ड अर्थातच मी लिहिलं. मी विद्यापीठात इतिहास शिकले, नंतर एकतीस वर्षं जिल्ह्याच्या दफ्तरखान्यात जुनी खरेदीखतं सांभाळली, मला 'अंदाजे' हा शब्द सोसत नाही. दोन बाजू भरून कार्ड लिहिलं, खाली सहा तळटीपा दिल्या. फेरीच्या समितीची अध्यक्ष बार्ब शुमाकर, तिने ते दोन्ही बाजूंनी वाचलं, आणि म्हणाली, "रोझलिंड, यात काही घडतच नाही गं."

मी म्हटलं, "घडलं नाही, म्हणून घडत नाही."

"कोणी मेलं तरी का?"

"पोलमन मेला. न्यूमोनियाने. दुसऱ्या गावच्या इस्पितळात."

"बरं," बार्ब म्हणाली, "वर्ना सांगेल काहीतरी."

आणि मला नेमकी हीच भीती होती. कारण वर्ना टीडमन. वय एक्क्याऐंशी, फेरीत घरं दाखवायचं हे अठ्ठाविसावं वर्ष. वर्ना कार्ड हातात धरते, पण चष्मा डोक्यावर ठेवते. आदल्या वर्षी तिने एका डॉक्टरांच्या दिवाणखान्यात लोकांना सांगितलं, की इथे एका सेनापतीने घोड्यासकट रात्र काढली, आणि मग डॉक्टरांच्या दारात लोक वर्षभर घोड्याचे डाग बघायला येत होते. तेव्हा मीच, हो मीच, समितीपुढे ठराव मांडला होता: कार्डाबाहेरचं निराधार विधान करणाऱ्या व्यक्तीस पुढल्या वर्षी घर मिळणार नाही, तिने चर्चच्या तळघरात लोकांचे कोट सांभाळावेत. प्रत्येक घरमालकाने संध्याकाळी एक तक्ता भरून द्यायचा. घरमालक जर घरातच नसेल तर तो हे भरणार कसं, हा प्रश्न ठराव लिहिताना मला सुचला नव्हता. कबूल करते. ठराव एकमताने मंजूर झाला, वर्ना टाळ्या वाजवत होती, तिला वाटलं दुसऱ्या कुणाबद्दल आहे. आणि बार्बने काय केलं? घरं वाटताना म्हणाली, "ठराव तुझा, तेव्हा वर्ना पण तुझी."

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय, कोट तर कोट. पण वर्नाकडे एक हिरवा मखमली झगा आहे, गळ्याला लेस, तिने स्वतः शिवलेला, आणि तो वर्षातून एका शनिवारी कपाटाबाहेर येतो. तिचा नवरा एल्मर गेल्याला सहा वर्षं झाली. उरलेले सगळे शनिवार ती खिडकीत बसलेली असते. मला माहीत आहे, कारण तिची खिडकी माझ्या खिडकीसमोर आहे. तळघरात कोट सांभाळायला मखमल कोण घालून जाईल?

तर त्या शनिवारी सकाळी मी तिच्या हातात कार्ड दिलं आणि म्हटलं, "वर्ना, यंदा फक्त एवढंच. शब्दाला शब्द."

"अगं हो, पोरी," ती म्हणाली. "छान लिहिलंयस. किती बारीक अक्षर." आणि चष्मा डोक्यावर सरकवला.

मी आणि माझा नवरा लॉइड, दोघं घराबाहेर पडलो. लॉइड म्हणाला तो जरा हार्डवेअरच्या दुकानात जाऊन येतो. मी नियमाप्रमाणे तिकीट घेऊन बाकीची घरं बघत फिरले. दोन नंबरच्या कार्डात एक तारीख चुकली होती, पाच नंबरमध्ये खिडक्यांचं शतक चुकलं होतं, मी दोन्हीकडे हळू आवाजात सांगितलं, दोन्हीकडे मला बिस्किट देऊन पुढे पाठवलं. मग चर्चच्या सभागृहात सफरचंदाचा गरम रस घेत उभी होते, हातात एक बकाय, आमच्याकडचे ते शेंगदाण्याचे लाडू, चॉकलेटात बुडवलेले, तर डोक्यावर रेनडियरची शिंगं लावलेली एक बाई मला म्हणते, "सात नंबर पाहिलंत का हो? बाकी सगळं सोडा. आधी नवरीचं घर बघा."

मी बकाय परत बशीत ठेवला.

"सात नंबरमध्ये नवरी नाही," मी म्हटलं.

"नाहीच आता. पडली ना ती."

तुम्हाला सांगते, सभागृहापासून माझ्या दारापर्यंत चार मिनिटांचं अंतर आहे, मी ते तीन मिनिटांत कापलं, आणि पुढची पस्तीस मिनिटं माझ्याच दारासमोरच्या रांगेत, चिखल झालेल्या बर्फात उभी राहिले. पस्तीस. दोन नंबरला रांग नव्हती, पाच नंबरला नव्हती. रांगेत माझ्यापुढे दोन बहिणी होत्या, त्या दुसऱ्यांदा आल्या होत्या. दारावर बार्बचा मेहुणा, डेटनहून आलेला, मला तो ओळखत नाही.

"बाई, बुटांवर पिशव्या."

"हे माझं घर आहे."

"हो तर, आपलंच समजा. पण पिशव्या घाला."

घातल्या. स्वतःच्या पायपुसण्यावर एका पायावर उभी राहून, त्या बहिणींच्या खांद्याला धरून, निळ्या पिशव्या घातल्या. आणि आत पाऊल टाकते तर वर्नाचा आवाज, तो नेहमीचा घोगरा नाही, वेगळाच, घंटेसारखा.

"आणि मंडळी, आता जरा वर बघा. हे झुंबर. नदीत बुडालेल्या आगबोटीच्या कप्तानाच्या टेबलावरचं. बोट बुडाली, कप्तान बुडाला, झुंबर तेवढं तरंगलं."

पंधरा माणसांनी माना वर केल्या. मीही केली. झुंबर म्हणे तरंगलं. ते झुंबर लॉइडने २०१४ साली हार्डवेअरच्या दुकानातून आणलं, मी बाहेर गाडीत बसले होते, त्याच्या आतल्या बाजूला दुकानाची चिकटपट्टी अजून आहे. कार्डावर मी झुंबराचा उल्लेखच केला नव्हता. झुंबर कार्डावर नव्हतं. जेवणघरात एक पोपट होता म्हणे, तो दर रविवारी महापौरांच्या बायकोचं वय सांगायचा. पोपट कार्डावर नव्हता. आणि जेवणघराच्या दारात, हातात रसाचा पेला, पायांत निळ्या पिशव्या, तोंड उघडं, कोण उभं? लॉइड.

"तू हार्डवेअरला गेला होतास ना?"

"शू," लॉइड म्हणाला. "आता नवरी येईल. मी तिसऱ्यांदा ऐकतोय, दर वेळी थोडं वाढतं."

आणि आली. वर्नाने कठड्यावर हात ठेवला, मखमल सावरली, आणि आवाज इतका खाली आणला की माणसं आपोआप पुढे झुकली. पोलमनची एकुलती एक लेक. लग्नाची सकाळ. पाठीमागे आठ फूट लांब लोळणारा झग्याचा घोळ. चौथ्या पायरीवर पाय अडकला. पडली, हात मोडला, आणि तरी मोडलेला हात बापाच्या हातात देऊन चर्चमध्ये चालत गेली. "म्हणून मंडळी, चौथी पायरी अजून करकरते. ऐका." आणि तिने पाय ठेवला, आणि पायरी करकरली. ती पायरी करकरते कारण लॉइड ती दोन वर्षांपासून ठोकणार आहे. पण एक म्हातारे गृहस्थ डोळे पुसत होते, आता त्यांना लॉइडबद्दल काय सांगायचं?

तरी मी हात वर केला. शाळेतल्यासारखा. राहवलंच नाही. "माफ करा. पोलमन यांना मुलगी नव्हती."

सगळे वळले. त्या बहिणींपैकी थोरली म्हणाली, "तुम्हाला काय माहीत?"

"मी शोधून काढलंय. अकरा वर्षं."

"कशाला?"

मी विद्यापीठात तोंडी परीक्षा दिली तेव्हा समोर पाच प्राध्यापक होते, त्यांच्यातल्या कुणीही मला हा प्रश्न विचारला नव्हता.

"हे माझं घर आहे," मी म्हटलं.

आणि वर्नाने माझ्याकडे इतक्या मायेने पाहिलं, म्हणाली, "या आमच्या रोझलिंडबाई. फार अभ्यासू. वस्तीतलं प्रत्येक घर त्यांना आपलंच वाटतं." लोक माझ्याकडे बघून हसले, एकाने मला बसायला खुर्ची दिली. माझीच खुर्ची. लॉइड? लॉइड झुंबराकडे बघत होता.

पण खरी अडचण पुढेच. लोक जिन्यावरून हलेनात. चौथ्या पायरीचे फोटो, चौथ्या पायरीवर बसून फोटो, घोळ नसताना घोळ सावरत फोटो, बाहेर रांग कुरकुरायला लागली, दारातून बार्बचा मेहुणा ओरडतोय, आत पंधराच्या वर माणूस नको. तेव्हा वर्ना म्हणाली, अगदी सहज, "मंडळी, जिना सोडा. खरी गोष्ट जिन्याखाली आहे. हे घर बांधलं तेव्हा गिलावा करणाऱ्याची लहान मुलगी बापाबरोबर कामावर यायची. आई नव्हती तिला. एके दिवशी जिन्याखालच्या त्या बारक्या खोलीत, ओल्या गिलाव्यावर, तिने हात दाबला. तो तिथेच राहिला. डावा हात, कारण उजव्या हातात पाव होता."

बस्स. नवरी सोसली, पोपट सोसला, पण ही भिंत होती, आणि भिंत तपासता येते. मी खुर्चीवरून उठले. "जिन्याखाली असं काहीही नाही," मी म्हटलं. "या घराचा इंच न् इंच मी पाहिलाय. चला, मी दाखवते. काही नाही ते दाखवते."

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. जिन्याखालच्या त्या खोलीत अकरा वर्षं माझे कागदांचे खोके होते. त्रेचाळीस खोके. पोलमनच्या खरेदीखतांच्या नकला, करांच्या नोंदी, जनगणना, नकाशे, या घराबद्दल जे काही सिद्ध करता येतं ते सगळं, जमिनीपासून छतापर्यंत. आदल्या दिवशी आम्ही ते गॅरेजमध्ये हलवले, कारण समितीला तिथे लोकांच्या छत्र्या ठेवायच्या होत्या. आतला दिवा गेलेला, काम अंधारातच उरकलं. तेव्हा इंच न् इंच म्हणजे, खोक्यांमागचे इंच सोडून.

लॉइडच्या फोनचा उजेड घेऊन मी गुडघ्यांवर टेकले, छत्र्या बाजूला केल्या, आणि मागे पंधरा माणसं वाकलेली असताना म्हटलं, "हे पाहा, ही मागची भिंत, पूर्ण सपाट, आणि ही डावीकडची भिंत..."

आणि थांबले.

"आहे का?" मागून कोणीतरी विचारलं.

थोरल्या बहिणीने माझ्या खांद्यावरून डोकं आत घातलं. "अय्या," ती म्हणाली, "आहे की."

जमिनीपासून दोन फूट चार इंच. हे मी नंतर मोजलं. ठसा लहान, माझ्या तळहातात मावेल एवढा, पाच बोटं पसरलेली, अंगठा उजवीकडे, म्हणजे हात डावा. वरून रंग दिलेला, आणि रंगाचा टवका उडाला होता तिथे मी थर मोजले: पांढरा, हिरवा, मोहरीसारखा पिवळा, तपकिरी, आणि तळाशी चुना. पाच. म्हणजे कालपरवाचा नाही, कुणी गंमत केलेली नाही, गिलावा ओला असतानाचा आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणासाठी, विचारू नका. मी गुडघ्यांवर होते, मला कोणी उठवलंही नाही, माझ्या डोक्यावरून हात घालून फोटो काढत होते.

पाच वाजता दारं बंद झाली. वर्ना माझ्या स्वयंपाकघरात बसली होती, बूट काढून, पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवून, आणि आवाज पुन्हा घोगरा.

"वर्ना," मी म्हटलं, "तुम्हाला कसं माहीत?"

"काय गं?"

"हात."

"कुठला हात? तो होय. अगं, लोक जिन्यावरून हलत नव्हते. खाली वाकायला लावलं की माणूस पुढे सरकतो, अठ्ठावीस वर्षांचा अनुभव आहे. टाळ्या कशाच्या होत्या गं तेव्हा?"

"तो तिथे आहे."

वर्नाने पाय खुर्चीवरून खाली घेतले. "काय आहे?"

"हात. डावा. तुम्ही सकाळी आत पाहिलं होतंत का? खरं सांगा."

"या गुडघ्यांनी? पोरी, गेल्या ईस्टरला माझ्या हातून एक लिंबू पडलं, ते अजून टेबलाखालीच आहे."

"मग डावाच का म्हणालात?"

"उजव्या हातात पाव होता ना."

"पाव तुम्हीच दिलात."

"हो. भूक लागली होती तिला."

लॉइडने फोनवरचा फोटो तिच्यापुढे धरला. वर्नाने चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर आणला. त्या दिवसात पहिल्यांदा. "किती लहान आहे गं," एवढंच म्हणाली. मग तिने गळ्याची लेस सोडली, नीट घडी केली, पर्समध्ये ठेवली, आणि म्हणाली, "भर तुझा तक्ता. नवरी सांगितली, बोट सांगितली, पोपट सांगितला. तू खोटं लिहिणारी बाई नाहीस, मला ठाऊक आहे. तळघरात निदान हीटर चांगला आहे."

आता तुम्हीच सांगा, मी काय लिहायचं होतं? तक्त्यात प्रश्न एकच: कार्डाबाहेरचं निराधार विधान झालं का? हो किंवा नाही. 'नाही' लिहिते तर मी खोटी. 'हो' लिहिते तर... पण शब्द बघा, 'निराधार', आणि तो शब्द माझाच. ज्या विधानाला मी पंधरा माणसांसमोर, अकरा वर्षांच्या खात्रीने, निराधार म्हटलं, त्याला आधार होता. आधार म्हणजे अक्षरशः भिंत होती. मग बाकीची विधानं तपासल्याशिवाय निराधार म्हणायचा मला अधिकार काय? झुंबर सोडून. झुंबराच्या वेळी मी गाडीत होते. पण पोलमनला मुलगी नव्हती, म्हणजे १९०० च्या जनगणनेत नव्हती. १८९६ ला लग्न होऊन गेली असेल तर ती त्यात असणारच कशी? त्याआधीच्या, १८९० च्या नोंदी जळून गेल्यात. हे मला पूर्वीपासून माहीत होतं. मी त्याची तळटीप दिली नव्हती.

मी 'हो' खोडलं, 'नाही' खोडलं, आणि लिहिलं: तपास चालू आहे.

बार्बने तक्ता दोनदा वाचला. "म्हणजे वर्ना राहते का जाते?"

"तपास संपेपर्यंत काही ठरवता येणार नाही."

"किती दिवस लागतील?"

"बार्ब," मी म्हटलं, "मी घाईत काम करत नाही."

तिने तक्ता घडी करून पर्समध्ये टाकला आणि म्हणाली, "मग पुढच्या वर्षी सात नंबर वर्नालाच देते. लोक विचारतायत आत्तापासून."

तेव्हापासून मी ते त्रेचाळीस खोके गॅरेजमध्ये बसून, कोट घालून, एकेक कागद करून पाहतेय. विटा कुणी दिल्या ते सापडलं, सुताराचं नाव सापडलं, छपरावरचे पत्रे कुठून आले ते सापडलं. गिलावा करणाऱ्याचं नाव कुठेच नाही. त्याला मुलगी होती का, तिला आई होती का, काही नाही. वर्ना दर शनिवारी समोरच्या खिडकीतून उठून गॅरेजच्या दारात येते, बाकावर बसते आणि विचारते, "सापडली का गं ती?" मी म्हणते, "नाही." ती म्हणते, "सावकाश होऊ दे." खोके मी परत जिन्याखाली ठेवलेले नाहीत. लॉइडने चौथी पायरी ठोकायला घेतली होती, तोही आता म्हणतो, तपास चालू आहे.

पुढच्या वर्षीचं कार्ड मी लिहून ठेवलंय. नवरी नाही, पोपट नाही, पाव नाही, पावाला पुरावा नाही. फक्त शेवटी एक ओळ वाढवली: जिन्याखाली, जमिनीपासून दोन फूट चार इंचांवर, लहान मुलाचा किंवा मुलीचा डावा हात. कुणाचा, ते माहीत नाही.

एकतीस वर्षांच्या नोकरीत मी असं वाक्य कधी लिहिलं नव्हतं. पण आता ते कार्डावर आहे.